झबलं वर करा, श्वास मोजा

चार महिन्यांचं लेकरू. नाक वाहतंय, छातीत घरघर, दूध ओढताना दम लागतोय. टेंभुर्णीत काय नि जाफराबाद तालुक्यातल्या दुसऱ्या गावात काय, घरातली आजी म्हणणार, ‘डब्बा झाला लेकराला.’ मग एक सुई, दोन बाटल्या, एक वाफ. नोटा मोडल्या की घरच्यांना इलाज झाल्यासारखं वाटतं.

तो इलाज नव्हे. या वयात अशी घरघर बहुधा ब्रॉंकिओलायटिसची असते. विषाणू, बहुतेक वेळा आरएसव्ही, फुफ्फुसातल्या बारीक श्वासनळ्या सुजवतो आणि त्यात चिकट स्राव साचतो. अँटिबायोटिक जिवाणूंना मारतं, विषाणूला नाही. दम्याची वाफ आवळलेला स्नायू सैल करते. इथं नळी सुजेनं बुजलेली आहे. स्टेरॉइडचाही उपयोग नाही. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीनं हे २०१४ सालीच स्वच्छ लिहून ठेवलंय. तरी सुई चालूच, कारण आजार तिसऱ्या ते पाचव्या दिवशी जोर करतो आणि मग आपोआप उतरतो. उताराचं श्रेय शेवटच्या सुईला मिळतं.

खोकल्याच्या बाटलीचं तर नावच काढू नये. २०२५ साली छिंदवाड्याची वीसहून अधिक लेकरं विषारी सिरपमुळे मूत्रपिंडं निकामी होऊन गेली. कित्येकांनी नागपूरच्या दवाखान्यांत जीव सोडला. दोन वर्षांखालच्या मुलाला सर्दी-खोकल्याचं औषध देऊ नका, असं केंद्राच्या आरोग्य सेवा महासंचालनालयानं त्याच ऑक्टोबरात बजावलं. ते टेंभुर्णीचा मेडिकलवालाही मानणार आहे का?

बाळाला हवं ते साधं आहे. नाकात सलाईनचे थेंब, नाक मोकळं, अंगावरचं दूध थोडं थोडं पण वारंवार. खोलीत धुरी नको, विडी नको, छातीला चटका तर नकोच. बहुतेक बाळं एवढ्यावर घरीच सुधारतात. खोकला दोनेक आठवडे रेंगाळतो.

काही बाळं मात्र सुधारत नाहीत, आणि ती ओळखायची कशी हे आयांना कोणी नीट शिकवत नाही. बाळ शांत असताना झबलं वर करा, घड्याळ समोर ठेवा आणि पूर्ण एक मिनिट पोट किती वेळा वर-खाली होतं ते मोजा. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाला ६०, त्यापुढे वर्षापर्यंत ५० किंवा जास्त भरले तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा. बरगड्यांखाली खड्डा पडतोय, दूध निम्म्यावर आलंय, ओठ निळे पडलेत, श्वास मध्येच थांबतोय, तर रात्र असली तरी १०८ ला फोन. गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांनी निरक्षर दायांच्या हाती मण्यांचं श्वासमोजणी यंत्र दिलं आणि त्या दाया न्यूमोनिया ओळखू लागल्या. शिकलेल्या आईला एक मिनिट जड जाऊ नये.

न्यूमोनियाला अँटिबायोटिक लागतं, म्हणूनच बाळ तपासून ठरवणारा डॉक्टर हवा. ‘आज औषध नाही, पण अमुक दिसलं तर लगेच या’ असं सांगणाऱ्या डॉक्टरला फी द्या, कुरकुरू नका. आणि ग्रामसभेत सरकारी दवाखान्याला दोनच गोष्टी विचारा: तान्ह्या बाळाला बसेल असा ऑक्सिमीटर आहे का, आणि रात्री ऑक्सिजनची टाकी भरलेली असते का?