फुकट होडीचे अव्वल कारकून

निष्काम सेवेची महती आपल्याकडे पुष्कळांनी गायिली आहे. परंतु सेवेकऱ्याला त्या सेवेतून नेमके मिळते काय, याची चौकशी करण्याचे धारिष्ट सहसा कोणी दाखवीत नाही, कारण ती एकदा सुरू झाली म्हणजे लग्नाच्या पंगतीत जिलबीचे ताट घेऊन धावणाऱ्या मामांपासून तो आमच्या आर्णी गावी बाबा कंबलपोशांच्या उरुसात शिटी फुंकून गर्दी वळविणाऱ्या स्वयंसेवकापर्यंत अनेकांची बिंगे बाहेर पडण्याचा संभव असतो. माझा स्वतःचा तर्क असा आहे की, ज्याने जन्मभर दुसऱ्यांचे हुकूम झेलले, त्याला फुकट सेवेत स्वतः हुकूम सोडण्याची जी मुभा मिळते, तोच त्याचा खरा मुशाहिरा होय. या तर्काच्या पुष्ट्यर्थ मी बापूरावांचा दाखला सादर करीत आहे.

बापूराव महसूल खात्यातून अव्वल कारकून म्हणून निवृत्त झाले. पाण्याशी त्यांचा संबंध आयुष्यभर आला, पण तो केवळ कागदोपत्री. पाऊस किती झाला हे खिडकीतून पाहून ठरविणे त्यांना गैरशिस्त वाटे. मंडळात चोवीस तासांत ६५ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला म्हणजे ती अतिवृष्टी, आणि तेवढा नोंदला गेला नाही म्हणजे अंगावरचे कपडे पिळीत कचेरीच्या ओसरीवर उभ्या असलेल्या शेतकऱ्याचा तो वैयक्तिक समज, अशी त्यांची धारणा होती. पैसेवारी पन्नासच्या आत की बाहेर, खरडून गेलेली जमीन किती गुंठे, वाहून गेलेली म्हैस दुभती की भाकड, हे लिहिता लिहिता त्यांचे केस पांढरे झाले. परंतु ज्या अरुणावती नदीच्या पायी हे सारे दफ्तर फुगत गेले, तिच्या पात्रात ते घोट्यापलीकडे कधी उतरले नाहीत. बापूरावांना पोहता येत नाही, हे येथेच सांगून टाकलेले बरे. पुढे त्याला रहस्याचे स्वरूप यावे अशी माझी इच्छा नाही.

अशा या गृहस्थाला होडीचा नाद लागला तो सातासमुद्रापलीकडे. कन्येच्या बाळंतपणासाठी उभयता पती-पत्नी सहा महिन्यांच्या बेताने जर्सी सिटीला गेली. असल्या प्रवासात आजीला काम असते आणि आजोबांना फक्त पासपोर्ट असतो. डिंकाचे लाडू, शेकशेगडी, बाळाची टाळू या सर्व खात्यांचा अखत्यार काकूंकडे असल्यामुळे बापूरावांच्या वाट्याला खिडकी तेवढी उरली, आणि त्या खिडकीतून हडसन नदी दिसत असे. ही नदी आपल्या नद्यांसारखी एकमार्गी नाही. समुद्राची भरती तिच्यात ट्रॉय नावाच्या गावापर्यंत, म्हणजे सुमारे अडीचशे किलोमीटर आत, चढत जाते आणि त्यामुळे मॅनहॅटनच्या कडेचा प्रवाह दिवसातून दोनदा चक्क उलटा फिरतो. पहिल्या आठवड्यात हा प्रकार बापूरावांच्या ध्यानी आला तेव्हा त्यांनी जावयाला गंभीरपणे विचारले, “जावईबापू, इथं पूररेषा कोन्या बाजूनं आखतात?” जावईबापू संगणकातले असल्यामुळे निरुत्तर झाले, आणि सासऱ्यांना शनिवार-रविवार कोठेतरी गुंतविणे अवश्य आहे असा निर्णय त्यांनी मनाशी करून टाकला.

नदीपलीकडे, मॅनहॅटनच्या दक्षिण भागात, सव्वीस क्रमांकाच्या धक्क्यावर ‘डाउनटाउन बोटहाउस’ म्हणून एक संस्था आहे. तेथे उन्हाळ्यात कोणीही यावे, नाव लिहावे, अंगात जाकीट चढवावे आणि दोन धक्क्यांमधल्या आडोशाच्या पाण्यात वीसेक मिनिटे कयाक वल्हवून परत यावे, असा प्रघात गेली अनेक वर्षे चालत आला आहे. त्याबद्दल एक छदामही घेतला जात नाही, आणि सारा कारभार बिनपगारी स्वयंसेवकांच्या हाती असतो. ज्या शहरात मोटार उभी करण्यासाठी लागणाऱ्या पैशांत आर्णीत एखाद्याचा साखरपुडा उरकावा, त्याच शहरात होडी फुकट मिळते ही गोष्ट बापूरावांना इतकी संशयास्पद वाटली की, मागचे गौडबंगाल शोधून काढण्याच्या हेतूनेच ते तेथे प्रथम गेले. सरकारी तपासाच्या बाण्याने त्यांनी एक कयाक उलथीपालथी करून पाहिली, आणि तिच्या तळाला आरपार छिद्रे असल्याचे त्यांच्या निदर्शनास आले. वास्तविक या जातीच्या होडीत माणूस पोकळीत न बसता वरच्या खोबणीत बसतो, आणि आत उडालेले पाणी आपोआप निघून जावे म्हणून ही छिद्रे मुद्दाम ठेवलेली असतात. पण ही माहिती कळेपर्यंत बापूरावांनी खिशातल्या डायरीत ‘समक्ष पाहणी केली असता नाव सच्छिद्र आढळून आली’ एवढा मजकूर लिहून दोन पंचांच्या सह्यांसाठी जागा सोडली होती.

आणि मग त्यांची दृष्टी मेजावर गेली. मेज, मेजावर कागद, कागदापुढे माणसांची रांग. पाण्यावर जाणाऱ्या प्रत्येकाने, माझ्या जिवाचे बरेवाईट झाल्यास संस्थेकडे दाद मागणार नाही, अशा आशयाचा कागद आधी सही करून द्यावा लागतो. म्हणजे निखळ मुचलका! बापूरावांना तत्क्षणी सासरी माहेरचे माणूस भेटल्याचा आनंद झाला. दुसऱ्या रविवारी ते स्वयंसेवक म्हणून रुजू झाले, आणि तिसऱ्या रविवारपर्यंत मेजावरील कागद तारीखवार लागून त्यांच्यावर दगड ठेवले गेले होते. एका बाबतीत मात्र त्यांचा तेथे मोठा हिरमोड झाला. सही करणारे लोक कागद वाचतच नसत. डॉक्टर, वकील, बँकांचे अधिकारी हसत हसत लेखणी फिरवीत आणि होडीकडे धावत. “मजकूर वाचून, समजून सही केली” असे निदान तोंडी तरी वदवून घ्यावे म्हणून बापूराव प्रत्येकाला थांबवीत. तो बिचारा “येस, येस” म्हणे. आणि बापूराव हळहळून मान हलवीत. यांचे सातबारे कोणीही फिरवील, असे ते नंतर घरी येऊन म्हणत.

परंतु खरी सत्ता मेजाच्या पलीकडे होती, आणि तिचा लाभ त्यांना यथावकाश झाला. जाकीट चढविण्याचे काम दिसते तितके सोपे नाही. अंगाबरोबरचे जाकीट निवडावे लागते, मग खिटी बसवावी लागते, मग खालचा पट्टा आधी आणि वरचा नंतर आवळावा लागतो, आणि सरतेशेवटी दोन्ही खांद्यांना धरून ते वर ओढून पाहावे लागते. ओढल्यावर जाकीट कानापर्यंत आले म्हणजे पाण्यात माणूस खाली आणि जाकीट वर असा फाळणीचा प्रसंग उद्भवतो. या परीक्षेसाठी समोरच्याने दोन्ही हात वर करणे सोयीचे असते. बापूरावांनी त्यासाठी आपल्या संग्रही असलेले इंग्रजी वापरले आणि खणखणीत आवाजात “हँड्स अप!” अशी आज्ञा दिली. अमेरिकेत ही आज्ञा कोणत्या प्रसंगी आणि हातात काय धरून देतात याची त्यांना कल्पना नसावी. पण तिचा परिणाम विद्युत्वेगाने झाला. सहा फुटी धिप्पाड गृहस्थाने हात तर वर केलेच, पण डोळेही मिटून घेतले. बापूरावांनी शांतपणे पट्टा आवळला, खांदे ओढून पाहिले आणि “ओके, जा” म्हणून त्याला सोडून दिले.

त्या क्षणी बापूरावांच्या अंतःकरणात जे झाले असेल त्याचे वर्णन करण्यास मी असमर्थ आहे. तीस-बत्तीस वर्षांच्या नोकरीत किती साहेब आले आणि गेले. प्रत्येकासाठी खुर्चीतून उठावे, फाईल उघडून धरावी, साहेबांच्या चुकीचा मसुदा आपल्या अक्षरात लिहून आपल्याच नावावर घ्यावा, हा त्यांचा नित्यक्रम. आणि येथे, एका छदामाचीही अपेक्षा न ठेवता, उभे न्यूयॉर्क त्यांच्यापुढे हात वर करून उभे होते. कोणी वेतन देऊ केले असते तर ते बहुधा अपमान वाटून घरी निघून आले असते.

आर्णीत ते परतले ते एक नारिंगी जाकीट आणि एक संकल्प घेऊन. संकल्प असा की, हडसनवर जे होते ते अरुणावतीवर का होऊ नये? याचे उत्तर आर्णीतले शेंबडे पोरही देऊ शकले असते. वरच्या अंगाला दिग्रसजवळ अरुणावतीला धरण आहे, खाली ती पैनगंगेला जाऊन मिळते, आणि आमच्या गावाजवळून जाताना पावसाळ्यानंतर ती जी आखडत जाते ती उन्हाळ्यात केवळ एक तांत्रिक बाब म्हणून उरते. पात्रात बेशरमाची झुडपे माजतात, रेतीचे ढीग पडतात, आणि होडीऐवजी ट्रॅक्टर चालतो. परंतु ही हरकत बापूरावांनी एका वाक्यात निकाली काढली. “दत्तू भोकनळ कोनता समुद्रात जन्मला होता जी?” तळेगाव रोहीसारख्या चांदवड तालुक्यातल्या अवर्षणग्रस्त गावचा, वडिलांबरोबर विहिरी खणणारा हा मुलगा, फौजेत गेल्यावर वल्हे हाती धरतो, २०१६ साली रिओच्या ऑलिंपिकमध्ये तेरावा येतो आणि २०१८ च्या आशियाई स्पर्धांत चौघांच्या नौकेत सुवर्णपदक मिळवितो, हा दाखला बिनतोड होता. पाणी नसलेल्या गावाला होडीचा अधिकार नाही, असे म्हणण्याची सोय त्यानंतर कोणाला राहिली नाही.

तेव्हा कोरडी तालीम सुरू झाली. बापूरावांच्या अंगणात एक बाज टाकलेली असे. तिच्यावर गल्लीतले पोर पाय लांब करून बसे, हातात वेळूची काठी आडवी धरी, आणि बापूराव शेजारी उभे राहून उजवे-डावे सांगत. बाजेवर बसण्यापूर्वी जाकीट सक्तीचे. वैशाखात, बेचाळीस-त्रेचाळीस अंशांच्या उन्हाळ्यात, अंगात रबरी फोम भरलेले जाकीट घालून सुंभाच्या बाजेवर वल्हे मारणारी ती पोरे पाहून रस्त्याने जाणारे लोक थांबत. काकू मात्र आतून ओरडत, “बाजेची दावन तुटली तं भरून कोन देईन?” यावर बापूरावांनी प्रत्येक पोराच्या बापाकडून ‘दावणीच्या नुकसानीस आम्ही जबाबदार’ असा कागद आणण्याचा नियम केला, आणि त्याच दिवसापासून तालमीची हजेरी निम्म्यावर आली.

येथे थोडे गंभीर व्हावे लागते, कारण आमच्या जिल्ह्यात पाणी हे थट्टेचे राहत नाही. जुलै २०२३ मध्ये शेजारच्या महागाव तालुक्यात आनंदनगर तांडा पुराने वेढला गेला आणि चाळिसांवर माणसे अडकून पडली, तेव्हा वायुदलाची हेलिकॉप्टरे मागवावी लागली. असल्या प्रसंगी गावातलेच कोणी तयार असावे म्हणून केंद्राने २०१६ पासून ‘आपदा मित्र’ नावाची योजना काढली आणि पुढे ३५० जिल्ह्यांत एक लाख स्वयंसेवकांना बारा दिवसांचे शिक्षण देण्याचे ठरविले. बापूराव तिच्या वयोमर्यादेत कोठेच बसत नव्हते. तरी पुलावरून पाणी वाहू लागले की नारिंगी जाकीट घालून ते रस्त्याच्या मधोमध उभे राहतात, आणि “जाऊन पाहतो ना काकाजी, घुडघाभर तं पानी हाये,” म्हणणाऱ्या मोटारसायकलवाल्याला गाडीचा क्रमांक विचारून वहीत उतरवू लागतात. वही पाहताच तो माघारी फिरतो. या एका कामासाठी त्यांचे सर्व मुचलके मी माफ करायला तयार आहे.

दसऱ्यानंतरच्या देवीविसर्जनात त्यांचे तेज विशेष फाकते. आमच्याकडे दुर्गोत्सवाचे प्रस्थ गणेशोत्सवाहूनही मोठे; मिरवणूक रात्रभर चालते, आणि पहाटे मूर्ती डोहाशी येते तेव्हा खांदेकऱ्यांच्या अंगात देवीपेक्षा अधिक काहीतरी संचारलेले असते. मागे एकदा मी मुद्दाम काठावर जाऊन उभा राहिलो. बापूरावांनी तेथे मेज मांडले होते, मेजावर कंदील, कंदिलाखाली कागद, आणि शेजारी इकडून-तिकडून मागून आणलेली पाच-सहा जाकिटे. मंडळाचा अध्यक्ष पुढे आला. गुलालाने माखलेला, छातीठोक, निवडणुकीची हवा लागलेला तरुण.

“हात वर करा,” बापूराव म्हणाले.

“जाकीट नाई लागत काकाजी. लहानपनापासून याच डोहात पोहतो.”

“काही हरकत नाई. मंग इथं सही करा.”

“काय हाये हे?”

“तुमी आपल्या मर्जीनं, बिना जाकिटानं, शुद्धीवर असताना पान्यात उतरून राह्यले, एवढंच लिवलं. वाचून घ्या.”

अध्यक्षाने कागद कंदिलाजवळ नेला आणि वाचला. खरोखर पहिल्या शब्दापासून अखेरच्या शब्दापर्यंत वाचला. मागची बाजू कोरी आहे की नाही तेही पाहिले. मग मागच्या पोरांना दाखविला. त्या पोरांच्या घरी कोणाच्या बापाने सोसायटीचा कागद सही केला होता, कोणाच्या आज्याने सावकाराच्या कोऱ्या कागदावर अंगठा उमटविला होता. त्यांच्यात एकदम शांतता पसरली, आणि ढोल वाजविणाराही थांबला. न्यूयॉर्कचे लोक पाण्याला भीत होते आणि कागदाला नाही. हे लोक आठ हात खोल डोहात डोळे मिटून उडी घेतील, पण सही म्हटले की त्यांना घाम फुटतो, आणि त्यांचे काही चुकते असे मी म्हणणार नाही.

“जाकीटच द्या ना मंग,” अध्यक्ष खालच्या आवाजात म्हणाला, आणि त्याने दोन्ही हात वर केले. त्याच्या मागे रांगेने सर्वांनी केले. बापूराव एकेकाचा खालचा पट्टा आधी आणि वरचा नंतर आवळीत गेले, खांदे ओढून पाहत गेले, आणि एका ढिल्या पट्ट्याबद्दल भावी नगरसेवकाला त्यांनी सर्वांसमक्ष खडसावले देखील.

रांगेच्या शेवटी एक धिटुकले पोर उभे होते. त्याने बापूरावांना वरपासून खालपर्यंत न्याहाळले. त्यांचे स्वतःचे जाकीट त्या रात्री अपुऱ्या संख्येमुळे दुसऱ्याच्या अंगात गेले होते.

“काकाजी, तुमी नाई घालत का?”

“मी काठावर हाओ,” बापूराव वही मिटीत म्हणाले, “अन् काठ महसुलाचा असते.”