दीड किलोमीटरचं राष्ट्रीय अधिवेशन

राष्ट्रीय अधिवेशन म्हटलं की माझ्या डोळ्यांपुढे आधी रेल्वे यायची. वरचा बर्थ, डब्यातल्या तिखटमिठाच्या पुऱ्या, पहाटे कुठल्यातरी अनोळखी स्टेशनवर कुडकुडत प्यायलेला चहा. नऊ वर्षं एका सेवाभावी क्लबची वर्गणी भरली, पण कधी ऑर्डरची घाई, कधी कामगार गावी गेलेले. अधिवेशनाला जाणं काही झालं नाही. शेवटी यंदा जायचंच असं ठरवलं, आणि अधिवेशन निघालं महापेला. माझं वर्कशॉपही महापेलाच. कोइमतूरचे लोक विमानाने आले, कोट्याचे रात्रभर गाडीत बसून आले, आणि मी मिलेनियम बिझनेस पार्कला वळसा घालून चालत गेलो. (क्लबचं नाव सांगत नाही. सांगितलं तर पुढच्या वर्षी मलाच संयोजक करतील.)

"अहो, दीड किलोमीटरवर जायला बॅग कसली भरताय?" हिने विचारलं. नोंदणीच्या पैशांत दोन रात्रींची खोली होती. पैसे भरलेत तर झोपायचंही तिथेच, असा माझा हिशेब. ब्लेझर नवा शिवला होता, तो बॅगेत मावेना म्हणून अंगात घातला. महापे नाक्यावरच्या चहावाल्याने मला ओळखलंच नाही. दुसऱ्यांदा हाक मारल्यावर म्हणाला, "शेठ, कोणाचं लग्न?"

खोली सातव्या मजल्यावर. खिडकीतून पाहतो तर समोर माझ्याच वर्कशॉपचा पत्रा. वीस वर्षांत मी तो वरून कधी पाहिला नव्हता. पावसाळ्यात नेमका कुठून गळतो ते एका नजरेत कळलं. अधिवेशनाचा हा पहिला लाभ.

खोलीतले सोबती कोट्याचे, कापडाचे व्यापारी. त्यांनी पडदा सारून समुद्र शोधायला सुरुवात केली. त्यांना दिसली ती पारसिकची टेकडी, खाणींनी कुरतडलेली. मी सांगितलं, खाडी आपल्या पाठीमागे आहे आणि मुंबई त्या खाडीच्या पलीकडे. त्यांनी निमंत्रणपत्रिका काढून माझ्यापुढे धरली. 'मुंबई' चांगलं ठसठशीत छापलं होतं, 'नवी' जरा अंग चोरून बसली होती. आमच्या औद्योगिक वसाहतीचं नावच मुळी ट्रान्स ठाणे क्रीक, म्हणजे ठाण्याच्या खाडीपलीकडची. पलीकडची म्हणजे कोणाच्या, ते नाव ठेवणाऱ्याने गृहीत धरलेलं. आम्ही इथे राहून स्वतःला पलीकडचे म्हणवून घेतो, तेव्हा कोट्याच्या गृहस्थांची काय चूक?

उद्घाटन दहाला होतं, म्हणजे साडेअकराला झालं. समईची वात पेटेना. एसीच्या झोताखाली समई ठेवण्याचा मान कोणाचा हे शेवटपर्यंत कळलं नाही. मग भाषणं. प्रत्येक वक्ता आधी व्यासपीठावरच्या सगळ्यांची नावं हुद्द्यांसकट घेई, मग माजींची, मग माजींच्या सौभाग्यवतींची. बारा वक्ते झाले. शेवटी शेवटी मला ती यादी अथर्वशीर्षासारखी पाठ झाली आणि एका वक्त्याने एक माजी उपाध्यक्ष गाळले तेव्हा मी दचकलो. ते स्वतः तर उठून उभेच राहिले.

माझ्या छातीवर 'प्रथमच उपस्थित' अशी केशरी फीत होती. ती पाहून लोक फार मायेने वागत. नव्या सुनेला स्वयंपाकघर दाखवावं तसं एका सांगलीच्या काकूंनी मला सगळं समजावलं: 'फेलोशिप' म्हणजे जेवण, 'प्रोजेक्ट' म्हणजे ज्याचा फोटो असतो ते, आणि कोणी शाल घेऊन आपल्याकडे येऊ लागला तर आधी मान खाली घालावी, म्हणजे फोटोत चष्मा चमकत नाही.

रात्री ताट घेऊन रांगेत उभा असताना पुढे एक वयस्कर पाहुणे होते, रोटरीचे, खास निमंत्रित. कोटाला चाकाची पिन. आमची ओळख दहीवड्यापाशी झाली आणि गुलाबजामापर्यंत त्यांनी मला सगळा इतिहास सांगितला. 1905 साली शिकागोत पॉल हॅरिस नावाचा वकील, एक कोळशाचा व्यापारी, एक खाण अभियंता आणि एक शिंपी असे चौघे जमले. पुढे बैठक आळीपाळीने एकेकाच्या कचेरीत होऊ लागली, म्हणून नाव रोटरी. मी मनात म्हटलं, ह्याला आपल्याकडे भिशी म्हणतात. त्याच शहरात 1917 साली मेल्विन जोन्स ह्या विमा व्यावसायिकाने लायन्स उभं केलं. त्यांच्याकडे 'टेल ट्विस्टर' नावाचं पद असतं, काम एकच: सभेत सभासदांना किरकोळ दंड करून चार पैसे आणि हशा गोळा करणं. 1972 साली आपल्या मुंबईतही नाना चुडासामांनी जायंट्स काढलं. मरीन ड्राइव्हवरचे त्यांचे तिरकस फलक सिग्नलला थांबलेली माणसं वाचायची.

मी मात्र त्या पिनकडेच बघत होतो. चाकाला दाते, सहा आरे, आणि मधल्या भोकाला एक चौकोनी खाच. लेथवाल्याची नजर तिथेच जाणार. "अहो, ह्याला की-वे आहे!" मी जवळजवळ ओरडलो. म्हाताऱ्यांचे डोळे लकाकले. म्हणाले, आधी नव्हता. चिन्हाला दाते दिले, पण खाच द्यायची राहून गेली. मग 1920 नंतर त्यांच्यातल्याच इंजिनिअरांनी हरकत घेतली, की खाचेत चावी बसली नाही तर चाक शाफ्टवर नुसतं गरगरेल, जोर पुढे जाणार नाही. तेव्हा कुठे ती आली.

मग ते आपणहून पोलिओबद्दल बोलू लागले. ते 1985 सालच्या आंतरराष्ट्रीय मोहिमेबद्दल बोलले, पण दोनच वाक्यं. पल्स पोलिओच्या रविवारांबद्दल मात्र भरभरून. 1995 पासून वर्षानुवर्षं ते खांद्याला लशीचा डबा अडकवून वीटभट्ट्यांवर जात. बर्फ वितळायच्या आत शेवटचं झोपडं गाठायचं. डोस दिला की मुलाच्या डाव्या करंगळीच्या नखाला शाई. एका पोराने दुसऱ्यांदा गोड थेंब मिळतील म्हणून करंगळी चुलीच्या राखेने घासून काढली होती. 13 जानेवारी 2011 ला हावड्यात देशातला शेवटचा रुग्ण सापडला, 2014 च्या मार्चमध्ये प्रमाणपत्र आलं. "त्यानंतरच्या रविवारी सकाळी काय करावं तेच कळेना," ते म्हणाले, आणि गुलाबजामाचा पाक बोटाने पुसत बसले. सकाळच्या बारा भाषणांत आमच्या सेवेबद्दल इतकं काही मी ऐकलं नव्हतं.

तेवढ्यात फोन वाजला. रात्रपाळीचा टर्नर. लेथ अडकला होता, माल सकाळी सहाला निघायचा. मी ब्लेझरसकट पळालो. बेल्ट बदलून, चक मोकळा करून, एक जॉब चढवून परत येईपर्यंत अकरा वाजले आणि उजव्या बाहीला ग्रीस लागलं. मधल्या वेळात 'प्रथमच उपस्थित' सभासदांचा सत्कार उरकला होता. माझ्या वतीने कोट्याच्या शेठजींनी शाल पांघरून घेतली. फोटोत माझ्या नावापुढे तेच आहेत, आणि माझ्यापेक्षा शोभतात.

स्मृतिचिन्ह मात्र मला मिळालं. यजमान औद्योगिक वसाहतीतले, म्हणून पितळी दंतचक्र. चांगलं वजनदार, मखमलीच्या डबीत. सोमवारी ते वर्कशॉपच्या टेबलावर चलनांवर ठेवलं. टर्नरने येता-जाता पाहिलं, उचललं, भोकात बोट फिरवलं.

"शेठ, ह्याला की-वे नाही."

"नाहीच."

"पाच मिनिटांचं काम. टाकू स्लॉटिंगला?"

मी चलनं हाताने दाबून धरली आणि म्हटलं, "टाक."