पद्मिनीची सुरत स्वारी

लग्नाच्या साड्या धुळ्यातही मिळतात. पण सासूबाईंना सुरतेचाच बाजार हवा होता आणि सासऱ्यांना, म्हणजे मामांना, आपली 1986 ची पद्मिनी बाहेर काढायला निमित्त.

कोंडाईबारीच्या घाटात गाडीने मान टाकली. मामांकडे ओला पंचा तयारच होता. पद्मिनीचा पेट्रोल पंप इंजिनलाच चिकटलेला. इंजिन तापलं की आतल्या पेट्रोलची वाफ होते आणि पंप नुसती वाफ ओढत बसतो. म्हणून पंपाला पंचा गुंडाळायचा, चहा प्यायचा, निघायचं. नवापूर, सोनगड, व्यारा, बारडोली... एका गावचा चहा सुटला नाही. महाराज 1664 आणि 1670 असे दोनदा सुरतेवर चालून आले. त्यांच्या वेगाचं कौतुक करताना घोड्याला कार्बोरेटर नसतो, हे इतिहासकार विसरतात.

सहारा दरवाज्याला, ऐन कापड मार्केटात, मात्र गाडी पंच्यालाही दाद देईना. मागे साड्यांचे गठ्ठे लादलेले टेंपो हॉर्नवरून हात काढीनात. "शुं थयुं, काका?" करत गर्दी जमली. टेंपोवाल्याच्या मते पेट्रोलमध्ये कचरा आला होता. कापडाच्या दलालाने बॉनेटकडे न बघताच गाडी विकून टाकायचा निकाल दिला, "वेची नाखो!" आधी लोचो खाऊन घ्या, असंही कुणी म्हणालं. सासूबाईंना तेवढंच पटलं.

लिंबायतहून मिस्त्री आला. लिंबायत म्हणजे सुरतेतला खानदेशच. "काय व्हयनं, भो?" ऐकताच मामांचा जीव भांड्यात पडला. त्याने प्लगची वायर काढून इंजिनच्या लोखंडाजवळ धरली आणि मामांना सेल्फ मारायला लावला. ठिणगी आली, पण पिवळट, मरतुकडी.

"पेट्रोल बरोबर शे. करंट कमी पडी ऱ्हायना."

डिस्ट्रिब्यूटरचं टोपण उघडून त्याने कॉन्टॅक्ट पॉइंट तळहातावर घेतला. तेवढ्यात गर्दीतून वराछाचा एक हिरे घासणारा पोरगा पुढे आला आणि त्याने खिशातून भिंग काढलं. जगातल्या दहांतले नऊ हिरे घासणाऱ्या शहरात आमच्या पॉइंटचीही पारख झाली. एका बाजूला खड्डा, समोरच्या बाजूला बारीकशी टेकडी. "माल खराब छे," पोरगा गंभीरपणे म्हणाला.

मिस्त्रीने मान हलवली. दोष कंडेन्सरचा. पॉइंट उघडताना उडणारी ठिणगी कंडेन्सरने गिळायची असते. तो कामातून गेला की ठिणगी पॉइंटलाच खाते, इकडचा धातू तिकडे जाऊन बसतो. त्यातून असा कंडेन्सर तापला की रुसतो, गार झाला की पुन्हा कामाला लागतो. म्हणजे घाटापासून खरं काम चहाच्या थांब्याने केलं होतं आणि श्रेय पंचा घेत होता! मामांना हे आजही मान्य नाही.

अंगठ्याएवढी ती पत्र्याची डबी बदलली. पॉइंट पॉलिश पेपरने घासून परत बसवला. मधलं अंतर जुळवायला गेज नव्हता, तेव्हा 'वेची नाखो'वाल्या दलालाचंच व्हिजिटिंग कार्ड कामी आलं. पहिल्या सेल्फला गाडी सुरू झाली. दलालाने कार्ड परत मागितलं नाही, उलट आणखी दोन दिली.

तेव्हा जुन्या गाडीने सुरतेला निघणाऱ्यांनी डिकीत एक जादा कंडेन्सर जरूर टाकावा. पंचाही घरूनच न्यावा. सुरतेत घेतलेली साडी पंपाला गुंडाळायला कोणी देत नाही.