न उघडलेल्या खोक्याचं मोल

फ्रँक हर्बर्टच्या विज्ञानकादंबरीवर बेतलेल्या ‘ड्यून’ या १९७९च्या पटखेळात सहा गट वाळवंटी ग्रहावरच्या ‘मसाला’ नावाच्या द्रव्यासाठी झुंजतात. संग्राहकांच्या लेखी मात्र ज्या संचातल्या सोंगट्या पुठ्ठ्यातून कधी सुट्याच केल्या नाहीत, तो सर्वांत मोलाचा. म्हणजे डावपेचांच्या खेळातला श्रेष्ठ डाव न खेळण्याचा! जुना पुठ्ठा झिजेल, जतन नको का, असं कुणी म्हणेल. जरूर करावं, पण संग्रहालयात वस्तू निदान दिसते, सीलबंद खोक्याचं नुसतं झाकणच पाहायचं. वाशीमच्या कोरडवाहू सोयाबीनवाल्याला मात्र न उघडता ठेवून देण्याची ही चैन नाही. मृगाचा भरवसा नसला तरी बियाण्याची बॅग फोडावीच लागते. ठेवून दिलेल्या बियाण्याचा भाव वाढत नाही, उगवणशक्ती तेवढी घटते.