गाळा, पण पुसू नका

डिसेंबर १९९९. 'ग्रॅन टुरिस्मो २' अमेरिकेच्या दुकानांत आला. प्लेस्टेशनवरचा मोटार शर्यतींचा खेळ, दोन डिस्कचा, साडेसहाशेच्या घरात गाड्या. लोकांनी रात्री जागवून सगळे परवाने मिळवले, सगळ्या शर्यती जिंकल्या आणि प्रगतीचा आकडा ९८.२ टक्क्यांवर जो अडकला तो हलेचना. खेळाडूंचं काही चुकलं नव्हतं. सरळ पट्ट्यावरच्या ड्रॅग शर्यती निर्मात्यांनी खेळातून काढल्या होत्या. टक्केवारीच्या हिशेबातून त्या काढायच्या राहिल्या. पुढच्या छपाईत दुरुस्ती झाली. त्या पहिल्या डिस्क आजही ९८.२ वरच थांबतात.

मी या त्रुटीच्या बाजूने आहे. कुणीतरी त्या शर्यती आखल्या होत्या, त्यांवर राबलं होतं. खेळाच्या वेष्टनावर त्यांची खूण नाही, जाहिरातीत नाही. उरलेल्या १.८ टक्क्यांनीच काय ती साक्ष ठेवली.

मोठ्या खेळांच्या पोटात असा बराच ऐवज पडून असतो. झाडं लावून झाली पण शेवटची रेषा आखायची राहिली असा ट्रॅक. कधीच न वाजलेला इंजिनाचा आवाज. मेनूत न दिसणारी गाडी. हे सगळं आधीच का पुसत नाहीत? कारण पुसणं धोक्याचं असतं. बांधून झालेल्या भिंतीतली वीट नको झाली म्हणून उपटता येत नाही. तिच्यावर आणखी काय टेकलंय ते ठाऊक नसतं. एक फाइल काढली आणि तिला हाक मारणारी ओळ दुसरीकडे शिल्लक राहिली, तर खेळ भर शर्यतीत बंद पडतो. म्हणून विक्रीची तारीख जवळ आली की फाइल तशीच ठेवतात आणि तिच्याकडे जाणारी वाट तेवढी बुजवतात.

बुजवलेल्या वाटा उकरायचा नाद आपल्या अहिल्यानगर, म्हणजे जुन्या नगर, जिल्ह्यातही होता. 'नीड फॉर स्पीड २' १९९७ चा. सावेडीपासून संगमनेर-श्रीरामपूरपर्यंत सायबर कॅफे निघाले, तसा तोही पोचला. त्याच्या 'स्पेशल एडिशन'मध्ये मेनूवर ठरावीक अक्षरं टाइप केली की शाळेची बस शर्यतीत उतरायची, डायनोसॉरसुद्धा धावायचा. गाड्यांच्या यादीत यांचं नाव नव्हतं. ती अक्षरं वहीच्या मागच्या पानावर उतरून घेतली जात आणि एका बाकावरून दुसऱ्या बाकावर जात. पडद्यावर दिसतं त्याच्या मागे माणसांनी केलेलं आणखी काही आहे, हे त्या पोरांना कुठल्याही संगणक वर्गाच्या आधी त्या बसने शिकवलं. याच खेळातला 'मिस्टिक पीक्स' हा ट्रॅक नेपाळमधला. भारताच्या सीमेपर्यंत येऊन खेळ थांबला, याची रुखरुख तेव्हाही होती.

भारत आला २०११ साली. ग्रेटर नोएडाचं बुद्ध सर्किट, ५.१२५ किलोमीटरचं, त्याच वर्षी कोडमास्टर्सच्या 'एफ १ २०११' या खेळात घेतलं गेलं. प्रत्यक्षात तिथे झालेल्या तिन्ही फॉर्म्युला वन शर्यती सेबास्टियन फेटेलने जिंकल्या आणि २०१३ मध्ये तिथेच त्याचं चौथं जगज्जेतेपद पक्कं झालं. शर्यत म्हणजे खेळ की करमणूक, यावरून उत्तर प्रदेशात कराचा वाद पेटलेला होताच. २०१४ च्या वेळापत्रकातून भारत गळला आणि 'एफ १ २०१४' मधून बुद्ध सर्किटही गळलं. खेळाने वेळापत्रक पाळलं, त्यात त्याचा दोष नाही. शिवाय २०१३ ची डिस्क जपून ठेवणारा नगरचा मुलगा आजही बुद्धवर गाडी पळवू शकतो. वगळलेलं नष्ट झालेलं नाही, कारण डिस्क त्याच्या घरात आहे.

आता घरात असूनही उपयोग नाही अशी वेळ आणली गेली आहे. युबिसॉफ्टने डिसेंबर २०१४ मध्ये 'द क्रू' विकायला काढला. अख्खी अमेरिका गाडीने पालथी घालायचा खेळ. एकट्याने खेळायचा तरी कंपनीच्या सर्व्हरशी जोडलेलं राहणं भाग होतं. ३१ मार्च २०२४ रोजी सर्व्हर बंद झाले. पैसे मोजून घेतलेली डिस्क हातात, आणि तिच्यातून एक फूटही रस्ता निघत नाही. पुढे लोकांच्या खात्यांतून खेळाचा परवानाही काढून घेतला गेला. याला माझ्या लेखी उचलून नेणं म्हणतात. ट्रॅक, गावं, पूल, हजारो किलोमीटरची आखणी, हे सगळं एका दिवसात खेळाबाहेर.

शर्यतीच्या खेळांवर हे संकट सगळ्यात आधी येतं, कारण त्यांतलं बरंच काही उसनं असतं. गाडीचं रूप कारखान्याचं, रेडिओवरचं गाणं गायकाचं, फलकावरची खूण टायरवाल्याची. करार संपला की खेळ दुकानातून उतरतो. 'फोर्झा होरायझन ४' १५ डिसेंबर २०२४ ला असाच उतरला. ज्यांनी आधी घेतला त्यांच्याकडे तो चालतो. ज्याला उद्या अभ्यासासाठी हवा असेल त्याला विकत मिळणार नाही.

कंपन्यांचीही एक बाजू आहे. २००५ मध्ये 'ग्रँड थेफ्ट ऑटो : सॅन अँड्रिआस'च्या आत बुजवून ठेवलेला एक अश्लील प्रसंग लोकांनी उकरून काढला, तेव्हा अमेरिकेतल्या मानांकन मंडळाने खेळाला थेट 'फक्त प्रौढांसाठी'चा शिक्का मारला. गाळलेलं अंगाशी येतं, हा धडा सगळ्यांनी घेतला. कबूल. मग विकायच्या प्रतीतून काढा. पण आपल्या दफ्तरात ठेवा, आणि ठरावीक वर्षांनी ग्रंथालयाच्या हवाली करा. एवढी मागणी कुठल्याही कंपनीला जड नाही.

आणि ही मागणी आपण करायची नाही तर कुणी? शके १२१२ मध्ये, म्हणजे १२९० साली, आपल्याच जिल्ह्यात नेवाशाला ज्ञानेश्वरी सांगितली गेली. तिच्या प्रतींमध्ये इतकी भर आणि मोडतोड झाली की १५८४ मध्ये एकनाथांनी शुद्ध प्रत सिद्ध केली. काम तिथे संपलं नाही. वि. का. राजवाड्यांनी १९०९ मध्ये जुन्या पोथीवरून वेगळी संहिता छापली आणि कुठला शब्द मूळचा, कुठला मागाहून शिरला, यावर अभ्यासक पिढ्यान्‌पिढ्या भांडत राहिले. या भांडणातूनच आपल्याला जुनी मराठी कळली.

पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संस्थेचं काम तर याहून थेट आहे. महाभारताची संशोधित आवृत्ती १९१९ मध्ये हाती घेतली, १९६६ मध्ये पुरी झाली. वि. स. सुखटणकर आणि त्यांच्यानंतरच्या संपादकांनी शेकडो हस्तलिखितं ओळीला ओळ लावून पाहिली. व्यासांनी सांगितलं आणि गणपतीने लिहून घेतलं, ही घराघरातली कथा त्यांना जुन्या संहितेतली वाटली नाही. ती त्यांनी मुख्य मजकुरातून काढली आणि परिशिष्टात छापली. सुखटणकर १९४३ मध्ये वारले, काम आणखी तेवीस वर्षं चाललं, पण ही शिस्त सुटली नाही. जे गाळलं ते तळटीपेत आहे, परिशिष्टात आहे, कुठल्या पोथीत सापडलं त्याच्या खुणेसह आहे. संपादकांशी तुमचं पटत नसेल तर पुरावा त्यांनीच तुमच्या हाती दिलेला आहे. हे वैभव मी नेहमी अभिमानाने सांगतो.

मोटारींच्या खेळाला महाभारताशेजारी बसवतोय म्हणून कुणी नाक मुरडेल. मुरडू द्या. जपण्याच्या लायकीचं काय, हे समकालीनांना कधीच पुरतं कळलेलं नाही. ज्या पिढीच्या संध्याकाळी या ट्रॅकांवर गेल्या, तिचा इतिहास लिहायला हे ट्रॅक लागणार आहेत.

कायद्याकडे बघा. १९५४ च्या कायद्याने भारतातल्या प्रत्येक प्रकाशकाला नव्या पुस्तकाची प्रत कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला आणि इतर ठरवून दिलेल्या ग्रंथालयांना पाठवावी लागते. दोन वर्षांनी त्यात वृत्तपत्रं आली. व्हिडिओ गेम आले नाहीत. आज पुण्यात आणि बंगळुरात मोठे खेळ बनतात; बंगळुरूच्या ध्रुव इंटरअ‍ॅक्टिव्हने तर 'फोर्झा'च्या गाड्यांवर काम केलं होतं. अशा खेळांची एकही प्रत कुठल्या सरकारी कपाटात जमा व्हावी अशी सक्ती नाही. कॅलिफोर्नियाने २०२४ मध्ये कायदा केला की परवाना विकत असाल तर ग्राहकाला मालकी मिळते असं भासवू नका. युरोपात खेळ मारू नका म्हणणाऱ्या मागणीवर २०२५ मध्ये दहा लाखांवर सह्या झाल्या. आपल्या खासदारांपैकी एकाने तरी १९५४ च्या कायद्यात एक ओळ वाढवायचं विधेयक मांडावं. शिर्डी आणि अहिल्यानगर, जिल्ह्याला दोन जागा आहेत. सुरुवात इथून होऊ द्या.

दिल्लीची वाट न पाहता लोणी, संगमनेर, कोपरगावच्या अभियांत्रिकी महाविद्यालयांना एक गोष्ट याच सत्रात करता येईल. शेवटच्या वर्षाच्या प्रकल्पात कुणी शर्यतीचा खेळ बनवला, तर अहवालात एक प्रकरण सक्तीचं करा : काय बनवलं होतं, त्यातलं काय काढलं, का काढलं. काढलेल्या फाइली वेगळ्या फोल्डरमध्ये, तारखेसह, महाविद्यालयाच्या ग्रंथालयात जमा. आणि त्या प्रकरणाला शंभरातले दहा गुण ठेवा, म्हणजे मुलं ते मनापासून लिहितील.