भाषणं सोडून सगळं

"तीन दिवस मुंबईत राहायचं. आणि काम काय, तर गप्पा मारायच्या?"

शेराच्या वईपलीकडून काकींचा आवाज आला आणि मी ओळखलं, सासूबाईंनी बातमी फोडली. मुंबई-गोवा हायवे वर्षानुवर्षं रखडतो, पण आमच्या महाडात बातमी कधी रखडलेली ऐकलीत का?

बातमी खरीच होती. २०२६ च्या ९ ते ११ एप्रिलला मुंबईत 'वर्डकॅम्प एशिया' होता आणि मी तिकीट काढलं होतं. वर्डप्रेसवर वेबसाइट बनवणाऱ्यांचा हा आशियातला मेळावा. पहिला २०२० साली बँकॉकला व्हायचा होता, तो करोनानं बुडाला. मग २०२३ ला बँकॉकलाच झाला, पुढच्या वर्षी तैपेईला, त्याच्या पुढच्या वर्षी मनिलाला. तिथं जायचं तर आधी पासपोर्ट शोधा. या खेपेला वीर स्टेशनावरून जाता येईल इतका जवळ आला होता, मग सोडायचा कशाला?

"तिथं भाषणं असतात काकी," मी बाजू सावरली.

"मग भाषणं ऐकायला जाते म्हण की."

"भाषणं नंतर इंटरनेटवर फुकट बघायला मिळतात. त्यांनी वेगळी साइटच काढलीय त्यासाठी."

काकींनी भिजवलेला वाल चिमटीत धरून दाबला. साल बोटात राहिलं, डाळिंबी पुचकन पातेल्यात. "म्हणजे मी म्हणाले तेच. गप्पा."

आता यावर काय बोलणार? पुण्याच्या, नाशिकच्या कॅम्पांना मी जाऊन आलेय. व्यासपीठावर कोण काय बोललं ते विचाराल तर डोकं खाजवावं लागेल, पण चहाच्या रांगेत कोण काय म्हणालं ते सगळं पाठ आहे. एमआयडीसीत जाणाऱ्याला कंपनीच्या बसमध्ये चार माणसं भेटतात. मला दिवसभर भेटतं कोण, तर एक स्क्रीन आणि 'आजच पाहिजे' म्हणणारं गिऱ्हाईक.

"पण ओळख ना पाळख, तू जाऊन उभी कुठं राहतेस?"

त्यालाही तिथं एक नियम आहे. १९८० सालचा पॅकमॅन नावाचा जपानी व्हिडिओ गेम होता, तोंड वासून पळणारा पिवळा गोळा. एरिक होल्शर नावाच्या माणसानं त्यावरून सुचवलं, की मेळाव्यात घोळका करून उभे राहाल तेव्हा त्या गोळ्याच्या तोंडासारखी एका माणसाची जागा मोकळी ठेवा. नवा माणूस आला की सगळ्यांनी सरकायचं आणि पुन्हा एक जागा मोकळी करायची. पुण्याला पहिल्यांदा गेले तेव्हा मला हे कुठलं ठाऊक? कागदी कप धरून खांबाला टेकले होते. समोरच्या घोळक्यातला अकोल्याचा एक जण बोलता बोलता अर्धं पाऊल बाजूला सरकला. माझ्याकडे बघितलं नाही, या म्हणाला नाही, बोलणं थांबवलं नाही, नुसता सरकला. मी आत गेले ती जेवणाची वेळ होईपर्यंत बाहेर आले नाही.

"बरं, कुणाचं कुणाशी वाजलं असलं काही निघतं का तिथं?" काकी मुद्द्यावर आल्या.

निघतं तर! आमच्यातली भाऊबंदकी पार कोर्टात गेलीय. मॅट मलनवेगनं माइक लिटलबरोबर २००३ साली वर्डप्रेस काढलं. आज जगातल्या शंभर वेबसाइटींतल्या चाळीसहून जास्त त्यावर चालतात. मॅटची कंपनी ऑटोमॅटिक. आणि डब्ल्यूपी इंजिन ही दुसरी कंपनी वर्डप्रेसच्या साइटी आपल्या सर्व्हरवर ठेवून पैसे कमावते. सप्टेंबर २०२४ मध्ये अमेरिकेतल्या वर्डकॅम्पात मॅटनं भर सभेत त्या कंपनीला झोडपलं, लगेच लेख लिहून तिला वर्डप्रेसला झालेला कॅन्सर म्हटलं. म्हणणं असं, की खातात भरपूर आणि परत टाकत नाहीत काही. मग त्यांना वर्डप्रेसच्या केंद्रावरून अपडेट घ्यायची बंदी घातली. ऑक्टोबरात ते कोर्टात गेले. त्याच महिन्यात त्या केंद्राच्या लॉगिनच्या पानावर एक चौकोन उगवला, 'माझा डब्ल्यूपी इंजिनशी कसलाही संबंध नाही' अशी खूण केल्याशिवाय आत सोडेनात. डिसेंबरात कोर्टानं मनाई हुकूम काढला आणि तो चौकोन काढायला लावला.

"काढला?"

"काढला. आणि त्याच्या जागी दुसरा आला. पिझ्झ्यावर अननस छान लागतो, अशी खूण करा."

काकींच्या हातातला वाल घरंगळत माझ्या अंगणात आला. "अननस? कोर्टकचेरी करून शेवटी अननस?"

रांगेत यावर दोन तट होते आणि दोन्हींकडे चहा गार होत होता. मला विचाराल तर वर्गणीचा हिशेब मागितला त्यात काही गैर नव्हतं. पण येणाऱ्या-जाणाऱ्याला दारात उभं करून संबंध नसल्याचं वदवून घ्यायचं हे काही बरोबर नाही. भांडणारे मोठे, त्यांच्याकडे वकील आहेत. साइट अडकली म्हणून रात्री अकराला फोन आला तो माझ्या शेजारी उभ्या पोराला, आणि त्या गिऱ्हाइकाला ऑटोमॅटिक काय आणि इंजिन काय, दोन्ही सारखीच.

"भांडणंच असतात की कुणी मदतही करतं?"

"करतात ना. हॅपीनेस बार असतो."

ओटीवर काकांचा पेपर खाली आला. "काय असतो म्हणालीस?"

"चहासुद्धा मिळत नाही तिथं, काका. टेबल असतं, जाणकार बसतात, साइट अडली की घेऊन जायची, फुकट सोडवून देतात." पेपर परत वर गेला.

मी तिथं एका शाळेचं दुखणं नेलं होतं. मुख्याध्यापक सारखे म्हणायचे, पाटीवरचा 'ल' वेगळा आणि वेबसाइटवरचा वेगळा, हे आमचं अक्षर नव्हे. बरोबरच होतं त्यांचं. आपल्याला पाकळीचा ल आणि शेंडीफोडा श पाहिजे, सरकारनंही २००९ च्या निर्णयात तेच ठरवून दिलेत, आणि साइटवर येत होते हिंदीच्या वळणाचे. मी आपली फाँट बदलून बदलून थकले होते. टेबलावरच्या मुलीनं फाँटकडे पाहिलंच नाही. पानाचा कोड उघडला, अगदी सुरुवातीच्या ओळीत पान इंग्रजी असल्याचं लिहिलेलं होतं, ते खोडून मराठीची दोन अक्षरी खूण टाकली. पानभरचे ल आणि श एका दमात फिरले. दोन्ही वळणं चांगल्या फाँटात आधीपासून असतात, संगणकासाठी अक्षराचा क्रमांकही एकच असतो. हे पान मराठी आहे असं कुणी सांगितलंच नाही तर फाँट बिचारा हिंदीचं वळण काढून देतो.

"एवढंच?" मी म्हटलं.

"एवढंच नाही," मागून आवाज आला. एक तरुण, डोळ्यांनी अजिबात दिसत नाही, कानात इअरफोन. त्यानं स्वतःच्या लॅपटॉपवर शाळेचं पान उघडलं आणि एक इअरफोन माझ्या हातात दिला. एनव्हीडीए नावाचं फुकटचं सॉफ्टवेअर आहे, ते त्याला पडदा वाचून दाखवतं. मला नुसता सुपात दाणे पाखडल्यासारखा आवाज आला. तो हसला, वेग कमी केला, आणखी कमी केला, तेव्हा कुठं 'प्रवेश अर्ज' ऐकू आलं. म्हणाला, "हे दहा मिनिटांपूर्वी इंग्रजीच्या आवाजात वाचायला बघत होतं, मला काही कळत नव्हतं. तुम्हाला ल दिसायला पाहिजे, मला शब्द ऐकू यायला पाहिजे. औषध तेच." त्यानंतर मी जुन्या गिऱ्हाइकांच्या सगळ्या साइटींची ती ओळ तपासली. बिल लावलं नाही. लावायला हवं होतं, असं हे म्हणतात.

काकींनी पातेल्यात पाणी ओतलं, साली वर तरंगल्या. "आपल्याकडचं काही सांगतेस की नाही त्यांना?"

सांगितलं होतं. एका मोठ्या कंपनीतला मुलगा म्हणत होता, आता सगळ्यांकडे फोर-जी आहे, पान हलकं करत बसायची गरज काय? मी त्याला २२ जुलै २०२१ सांगितला. गावात सावित्री नदी शिरलेली, वीज नाही, फोन नाही. त्याच दिवशी तळीये गावावर दरड कोसळली, तिकडे पोलादपूर तालुक्यातही कोसळल्या, आणि बाहेर कळायला किती वेळ गेला. माझं माहेर पोलादपूर, एरवी अर्ध्या तासाचा रस्ता. आई-बाबा आहेत की नाहीत हे विचारायला साधन नव्हतं. मग जेव्हा फोनला एखादी काडी यायची, जायची, तेव्हा एकेक पान उघडताना गोल गोल फिरत बसायचं.

तो मुलगा काही बोलला नाही. फोन काढून त्यानं स्वतःच्याच कंपनीचं पहिलं पान मोजलं आणि पडदा माझ्याकडे केला. निम्म्याहून जास्त वजन एका चित्राचं, हसणाऱ्या माणसांचं. पुढं मग घोळकाच जमला. एकदा उघडलेलं पान रेंज नसतानाही दिसावं अशी सोय ब्राउझरात केव्हाच आलीय. ती करायला दोन दिवस जास्त लागतात, आणि गिऱ्हाईक साइट पास करतं ते ऑफिसच्या वायफायवर बसून, म्हणून त्या दोन दिवसांचे पैसे कुणी देत नाही. यावर सगळ्यांचं एकमत. एकमत झालं की आमच्यात लगेच दुसरा विषय निघतो.

दुसरा विषय कायम पैशाचा. सांगलीकडच्या एकानं त्याच्या मिठाईवाल्या गिऱ्हाइकाची गोष्ट सांगितली. साइट झकास चाललेली, दिवाळीच्या ऑर्डरी यायच्या. पण साइटचं नाव, ते डॉट कॉमवालं, सुरुवातीला घेतलं होतं भाच्यानं, स्वतःच्या मेलवर. पुढं मामा-भाच्याचं बिनसलं. नाव दरवर्षी पैसे भरून चालू ठेवावं लागतं, त्याच्या आठवणी जायच्या भाच्याला. त्यानं बघितल्या आणि गप्प बसला. मुदत संपली की काही दिवस सवलत असते, मग महिनाभर दंड भरून सोडवता येतं, मग ते नाव बाजारात, कुणीही उचलावं. उचललं.

"म्हणजे घर मामाचं आणि सातबारा भाच्याच्या नावावर?"

गिऱ्हाइकांना हे समजावताना माझा अर्धा तास जातो. काकींना एका वालात कळलं.

आणि त्या एकदम थांबल्या. पदराला हात पुसले, फोन काढला, स्पीकरवर टाकला. भाऊ त्यांचा, पोलादपूरला, महाबळेश्वरच्या रस्त्याला होमस्टे आहे त्याचा.

"तात्या, तुझ्या त्या वेबसाइटचं नाव कुणाच्या नावावर आहे रे?"

"नाव? नाव चांगलं आहे की."

"चांगलं आहे ते ठाऊक आहे. नावावर कुणाच्या?"

"ते धाकट्यानं केलं बघ, दिवाळीच्या सुट्टीत."

"कुठला धाकटा? तुझा?"

"छे, दादाचा."

काकींनी फोनवर हात ठेवला आणि वईला चिकटून कुजबुजल्या, "शिमग्यापासून तोंड बघत नाहीत एकमेकांचं." मग हात काढला. "तात्या, आत्ताच्या आत्ता पोराला फोन लाव. मेल कुणाचा दिलाय ते विचार, मुदत कधी संपते ते विचार, ओटीपी कुणाच्या फोनवर येतो ते विचार. आणि हे बघ, गोडीत विचार. दादाचं नाव काढू नकोस."