हरेक माल जपानी

पिंपळनेरला नवी वस्तू विकत घेणं सोपं असतं, ती ओट्यावरून घरात नेणं अवघड. बादली असो की बुलेट, शेजारचा माणूस आधी तिला हात लावून पाहतो आणि मग विचारतो, ‘‘कितलाले लिधं?’’ आपण सांगितलेला आकडा त्याला हटकून जास्त वाटतो. हीच वस्तू साक्रीला स्वस्त मिळाली असती, धुळ्याला आग्रा रोडवर आणखी स्वस्त, आणि त्याचा साडू सुरतेला असल्यामुळे तिथे तर जवळजवळ फुकटच. वस्तू आवडली का, हे कुणी विचारत नाही. भावाची चौकशी हाच आमच्याकडचा जिव्हाळा.

अशा गावात आयुष्य काढलेल्या आमच्या आक्काला पुण्यात जपानी दुकान दाखवायचं भाचीने ठरवलं. वाकडला 2023मध्ये भलामोठा नवा मॉल उघडला आणि हिंजवडीत नोकरी करणाऱ्या खान्देशी पोरापोरींची पाहुणे फिरवायची मोठी सोय झाली. पूर्वी शनिवारवाडा, सारसबाग आणि दगडूशेठ एवढ्यावर पाहुणा तृप्त होत असे. आता त्या यादीत सरकता जिना आला. असल्याच एका मॉलमध्ये आक्का पदर खोचून, देवाचं नाव घेत त्या जिन्यावर चढली. वर पोचल्यावर तिने मागे वळून पाहिलं ते शेलबारीचा घाट स्वतः गाडी हाकून पार केल्याच्या थाटात.

दुकान लखलखीत. मांडणीवर बोटभर धूळ नाही, आणि वस्तू अशा की त्या नसल्यामुळे आपलं आजवर अडलं कसं नाही याचंच नवल वाटावं. केळं ठेवायला केळ्याच्याच आकाराचा डबा. अंडं उकडण्याआधी त्याला भोक पाडायचं यंत्र. खुर्चीच्या पायात घालायचे लोकरी मोजे. आक्काने ते उलटसुलट करून पाहिले आणि विचारलं, ‘‘खुर्चीले थंडी वाजस का?’’ फरशीवर ओरखडे पडू नयेत म्हणून ते असतात, असं भाचीने समजावलं. आक्काला ते पटलंही. मात्र केळ्याच्या डब्यापाशी तिचा संयम सुटला. ‘‘त्याले देवनी साल देयेल शे ना!’’

खरी पंचाईत पुढे होती. दुसऱ्या एका डब्यावर तिचं मन बसलं आणि तिने तिथल्या पोराला भाव विचारला. त्याने नम्रपणे चिठ्ठी दाखवली. ‘‘ते दिखस. देशी कितलाले?’’ पोरगा नुसता हसला. मग आक्काने आपलं हुकमी अस्त्र काढलं. डबा जागेवर ठेवला आणि हळूहळू दाराकडे चालू लागली. पिंपळनेरच्या बाजारात गिऱ्हाईक चार पावलं गेलं की मागून हाक येतेच. ‘या मावशी, तुमचं नही, आमचं नही’ म्हणत सौदा मध्यावर तुटतो. इथे आक्का दारापर्यंत गेली, थोडी रेंगाळलीही, पण हाक आली नाही. ‘‘आठे बोलाले कोनीच नही, मंग लेवानं कसं?’’ हा तिचा सवाल मला आजही बिनतोड वाटतो.

गंमत अशी, की ज्या जपानी दुकानांनी हा एकभावी कारभार जगभर नेला, त्यांचं मूळ आक्काच्याच बाजारात शोभेल असं आहे. हिरोताके यानो नावाचा माणूस 1972च्या सुमारास ट्रकमध्ये माल भरून गावोगाव हिंडायचा आणि मोकळी जागा दिसली की दुकान मांडायचा. त्याआधी त्याने कितीतरी धंदे करून पाहिले होते, मासे पाळण्याच्या धंद्यात तर तो कर्जात बुडाला होता. एकदा गिऱ्हाइकांनी गराडा घातला, आणि वस्तूंना किमतीच्या चिठ्ठ्या लावायलाच वेळ मिळालेला नव्हता. हे कितीला, ते कितीला, असा ओरडा सुरू झाल्यावर यानो म्हणाला, शंभर येन द्या. पुढे सगळ्याच मालाचा भाव तो ठरला. 1977मध्ये त्याची दाइसो कंपनी उभी राहिली, 1991मध्ये ताकामात्सू शहरात तिचं स्वतःचं कायमचं दुकान उघडलं, आणि आज एकट्या जपानमध्ये तिची चार हजारांहून जास्त दुकानं आहेत. यानो 2024मध्ये वारला. व्यवस्थापनाच्या शाळांतून ज्याला धोरण म्हणतात, ते इथे घाईगर्दीतून निघालं होतं.

आमच्या खंडोजी महाराजांच्या यात्रेतल्या ‘हरेक माल’वाल्याला ही गोष्ट सांगितली तर तो म्हणेल, यात नवीन काय? त्याचीही हातगाडी अशीच. चहाची गाळणी, कंगवा, शिट्टी, साबणदाणी, आरसा, सगळ्याला एकच भाव. तो भाव कधी दोन रुपये होता, मग पाच झाला, मग दहा. जपानी शंभराचीही तीच गत. विक्रीवरचा कर वाढत वाढत 2019मध्ये दहा टक्क्यांवर गेला आणि शंभर येनच्या बहुतेक वस्तूंना 110 येन पडू लागले. अमेरिकेत फ्रँक वूलवर्थनेही 1879मध्ये पाच सेंटांचं दुकान थाटलं होतं, तेही लवकरच पाच आणि दहा सेंटांचं झालं. एकच भाव हा शब्द ठाम असतो, आकडा तेवढा ठाम नसतो.

यात्रेतल्या गर्दीची मांडणीही जपान्यांनी सोडलेली नाही. ताकाओ यासुदा नावाच्या गृहस्थाने 1978मध्ये तोक्योत छोटंसं दुकान काढलं आणि त्याला नाव दिलं ‘चोरबाजार’. गोदाम नव्हतं, म्हणून माल छतापर्यंत रचला. रात्री उशिरा तो मांडामांड करत असताना दिवा पाहून लोक आत शिरू लागले, म्हणून रात्रीही दुकान उघडं ठेवलं. याच कल्पनेवर 1989मध्ये ‘डॉन किहोते’ नावाचं दुकान निघालं, आणि त्याची पुढे प्रचंड साखळी झाली. आता गोदामाची अडचण उरलेली नाही, पण अरुंद वाटा आणि अंगावर येणारा माल मुद्दाम तसाच ठेवतात. गिऱ्हाइकाला शोधायला लावलं की ते शोधत नसलेलं जास्त घेतं.

मॉलमधलं जपानी दुकान जपानी असेलच असंही नाही. या प्रकारात भारतभर गाजलेलं मिनिसो 2017मध्ये आपल्याकडे आलं. लाल पाटी, तिच्यावर जपानी अक्षरं, सगळा थाट तोक्योचा. प्रत्यक्षात कंपनी 2013मध्ये चीनच्या ग्वांगचौ शहरात ये ग्वोफू या चिनी उद्योजकाने, मियाके जुन्या या जपानी डिझायनरला बरोबर घेऊन काढलेली. 2022मध्ये चिनी लोकच रागावले आणि कंपनीने जपानी म्हणून मिरवल्याबद्दल माफी मागितली. उल्हासनगरच्या मालावरचा ‘मेड इन यूएसए’ वाचत लहानाचे मोठे झालेल्या आपल्या पिढीला याचा धक्का बसायचं कारण नाही. बसलाच, तर माफी मागितल्याचा बसेल.

आणि खरं सांगायचं, तर स्वस्त जपानी मालाशी खान्देशची ओळख मॉलमध्ये झालेली नाही. 1930च्या दशकात जपानी कापडाने इथल्या गिरण्यांना घाम फोडला होता. इंग्रज सरकारने 1933मध्ये ब्रिटनबाहेरच्या सुती कापडावर 75 टक्के जकात लावली. जपान्यांनी उलट हिंदुस्थानी कापूस घ्यायचंच बंद केलं, आणि मग कापूस पिकवणाऱ्यांची पळापळ झाली. अखेर 1934मध्ये करार ठरला. जपानने दरसाल कापसाच्या दहा लाख गाठी घ्याव्यात आणि 32.5 कोटी वार कापड पाठवावं, कापूस जास्त घेतला तर काही मर्यादेपर्यंत कापडही जास्त. म्हणजे आपलाच कापूस समुद्रापार जाऊन स्वस्त कापड होऊन परत यायचा. गिरणीवाल्याला ते कापड नको होतं, शेतकऱ्याला ते गिऱ्हाईक हवं होतं, आणि लुगडं घेणारी बाई दोघांचं ऐकून शेवटी भाव विचारत होती. जळगावची खान्देश मिल जिथे होती, त्या जागेवर आज मॉल आहे. स्वस्ताईचा वाद असा मिटला.

तेव्हा स्वस्ताईशी माझं काही भांडण नाही. यानोनेही आपल्याच गिऱ्हाइकांना ‘असलं स्वस्त घेणं म्हणजे पैसे वाया घालवणं’ असं बोलताना ऐकलं होतं. ते त्याला इतकं लागलं, की तो नफ्याकडे काणाडोळा करून चांगला माल आणू लागला. आक्का गेली त्या दुकानातल्या वस्तूही चांगल्याच होत्या. अडचण निराळी आहे. घासाघीस करताना आपण दहा रुपये वाचवतो, पण त्याहून मोठी गोष्ट म्हणजे आपल्याला थांबावं लागतं. दुकानदार नाही म्हणतो, आपण नाही म्हणतो, आणि त्या दोन नकारांच्या मधल्या वेळात कळतं, की ही वस्तू नसली तरी चालेल. एकच भाव, छापील चिठ्ठी आणि गोड गाणं यांनी तो मधला वेळच काढून घेतला. किमतीचा विचार संपला की गरजेचाही संपतो, आणि हात आपोआप टोपलीकडे जातो.

भाचीची टोपली काठोकाठ भरली होती. त्यात खुर्चीचे मोजे होते, आणि तिच्या भाड्याच्या घरात खुर्च्या नव्हत्या. आक्काने मात्र सगळं दुकान पालथं घालून सुईत दोरा ओवायचं एक एवढंसं साधन घेतलं. डोळ्यांना दिसत नाही, गोधड्या शिवायच्या आहेत, तेव्हा ते हवंच होतं. भाव कमी झाला नाही म्हणून तिने पैसे देताना कुरकुर केली, पण बाहेर आल्यावर पिशवी तिचीच हलकी होती.

स्वस्त वस्तू महाग पडते ती किमतीपायी नव्हे, संख्येपायी. जपानी दुकानात खुशाल जा, ते जपानी नसलं तरी जा. मात्र जाताना घरातली एखादी आक्का बरोबर न्या. पिंपळनेरहून तिच्या जाण्यायेण्याचं भाडं पहिल्याच टोपलीत वसूल होतं.